झिरमिळ्यांची चांदणी

मित्रांनो, मला खाली झिरमिळ्या आहेत म्हणून हसू नका. मी नाताळची जुनी चांदणी आहे आणि गुडगावच्या एका मराठी ख्रिस्ती घरात राहते.

मला दीनानाथ आबांनी घडवलं. आबा लहानपणी पहाडगंजच्या मराठी शाळेत दिवाळीचे आकाशकंदील करायला शिकले होते. नाताळसाठी माझ्या कामट्या बांधतानाही त्यांचा हात सवयीने चालला आणि मला झिरमिळ्या चिकटल्या. चर्चमधली मंडळी हसली, पण आबांनी त्या काढल्या नाहीत. मी बाल्कनीत लागले की त्यांची नात निधी येशूच्या जन्माची गोष्ट मोठ्याने वाचायची. काय माझा थाट असायचा तेव्हा! पुढे निधी नोकरीला लागली आणि मी माळ्यावर गेले. झुरळांनी माझा कागद खाल्ला.

या डिसेंबरात हवा इतकी वाईट झाली की समोरची इमारत दिसेना. आबांच्या उशाशी प्राणवायूचं यंत्र घरघरत होतं. ते म्हणाले, "निधी, चांदणी लाव. या वेळी पुन्हा तूच गोष्ट वाच बाळा."

निधीने मला उतरवलं, पण लावलं नाही. "आबा, मी व्हिडिओ बघितला ना. मिथ्रा, होरस, सगळ्या जुन्या देवांची तीच स्टोरी यार! कुमारी आई, पंचवीस डिसेंबर. येशू बिल्कुल कॉपी आहे." माझ्या झिरमिळ्या हलवून ती म्हणाली, "आणि ही दिवाळीची कॉपी."

माझ्या कामट्या संतापाने करकरल्या.

आबांना धाप लागत होती. "झिरमिळ्या दिवाळीच्याच, मीच लावल्या. तारीखही माणसांनी मागाहून ठरवली, शुभवर्तमानात ती नाहीच. पण मिथ्राला त्याचे भक्त खडकातून जन्मलेला दाखवत, आणि होरसच्या आईला नवरा होता. शोधून बघ. सजावट उसनी निघाली म्हणून ज्याच्यासाठी केली तोही उसना ठरतो का?"

"बघते नंतर," म्हणून तिने मला दाराशी कचऱ्याच्या पिशवीजवळ ठेवलं.

सकाळी आबांचे ओठ निळे पडले. स्ट्रेचर घाईघाईने बाहेर नेताना कुणाचा तरी पाय माझ्यावर पडला आणि माझं एक टोक मोडलं.

संध्याकाळी निधी एकटीच परतली. अतिदक्षता विभागात तिला थांबू देत नव्हते. ती मोबाईलवर शोधत बसली. खडक सापडला, होरसच्या आईचा नवराही सापडला. "आबा बरोबर होते," असं मलाच सांगून ती हमसून हमसून रडली. तिचा विश्वास बसला का, ते मला ठाऊक नाही. पण आबांच्या औषधांतली चिकटपट्टी लावून तिने माझं टोक जोडलं, मला बाल्कनीत टांगलं आणि रिकाम्या पलंगाशी बसून वाचायला लागली.

मित्रांनो, कुणी एखाद्या गोष्टीला नक्कल म्हटलं, तर ती टाकण्याआधी नीट शोधा. आणि सांगणारं माणूस घरात आहे तोवर शोधा.

रुग्णवाहिका गेली त्या फाटकाकडे माझं तोंड आहे. तिथे नुसता धूर दिसतो. आत फोन वाजतो आहे. निधी वाचायची थांबली आहे, पण फोन उचलत नाही.