किंजळाची चकती

चकतीवर अकरा वर्तुळं स्पष्ट मोजता येत होती. बारावं सालीलगत होतं, पुसट. मधली दोन केसाएवढी अरुंद होती. त्या दोन वर्षी पाऊस कमी पडला होता. केशरने ती किंजळाच्या खोडाची चकती पदरात गुंडाळून नंदिगड्ड्याच्या चावडीत आणली आणि कारकुनाच्या मेजावर ठेवली, तेव्हा तिच्या कडेचा डिंक अजून ओला होता.

"तोडली कुठून ते मी विचारत नाही," भिकाजी कारकून म्हणाले. ते खानापूरकडचे. जंगलाच्या नव्या हद्दीचं दप्तर घेऊन तीन महिने ते इथे तळ ठोकून होते. "पण हिचं करू काय?"

"आमच्या कुमरीतलं झाड हाय. माझं लगीन झालं त्या साली ती जागा तोडून, जाळून नाचणी पेरली हुती. मग हे वाढलं. मोजा तुमी."

भिकाजींनी मोजलं. माणूस वाईट नव्हता. "बारा. म्हणजे बारा वर्षं तिथे जंगलच होतं, असं साहेब म्हणतील."

"बारा वर्सं जमीन निजती. मग परत पेरायची. आजवर असंच चाललंय."

"आजवर कायदा वेगळा होता, बाई. आता ज्याचा हक्क असेल त्याने नावानिशी सांगायचं. मुदत आज दिवस मावळेपर्यंत. उद्या दप्तर कारवारला गेलं की तिथे कोयता लावला तरी तुरुंग."

केशरचा सासरा धाकलू खांबाला टेकून बसला होता. तो गावचा बुधवंत, चार माणसांत ज्याचा शब्द चालतो असा. दोन महिन्यांपूर्वी साहेब स्वतः कुमरीत आला आणि जमीन कोणाची म्हणून त्याने विचारलं. धाकलूने हात जोडून इथला प्रत्येक जण सांगतो तेच सांगितलं होतं: देवीची. कुमरीला कोणी आपली म्हणत नाही. म्हणेल त्याचा हात पेरणीला बियाण्याला लागू देत नाहीत, नव्याच्या, म्हणजे नवं धान्य घरात आल्यावरच्या, जेवणात त्याचं पान मांडत नाहीत. साहेबाने लिहून घेतलं होतं, हक्कदार कोणी नाही.

"बुधवंत, देवी येऊन अंगठा देणार आहे का?" भिकाजी म्हणाले.

"ती देती ते अंगठ्यानं न्हाई देत."

"नाव सांगा तुमचं. एवढंच मागतोय."

"माझ्या बापानं सांगितलं न्हाई. मी सांगून पेरायला हात कुठला लावू?"

"आणि न सांगून पेरायला जागा कुठली आणाल?"

धाकलूने डोळे मिटले.

केशरचा नवरा लखू गेल्या श्रावणात तापाने गेला होता. घरात नाचणी होती ती शिमग्यापर्यंत पुरली असती. त्यापुढे रानातले कंद. पण आता ते खणायलाही हद्दीच्या आत पाय ठेवता येणार नव्हता. गोव्याच्या बाजूला उतरू या, असं धाकलू दोनदा म्हणाला होता. तिकडे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. दोन महिने ती वाट पाहत होती, सासरा बोलेल म्हणून. चार माणसांत सासऱ्याच्या पुढे सुनेने बोलायचं नसतं.

उन्हाची तिरीप मेजावरून सरकत चकतीच्या कडेशी आली. भिकाजींनी दिवा लावला आणि दप्तर मोहोरबंद करायला लाखेची कांडी ज्योतीवर धरली. लाख मऊ झाली, टोकाशी थेंब धरला. शिक्का त्यांच्या दुसऱ्या हातात होता. ते धाकलूकडे पाहत होते, घाई न करता.

धाकलूचे ओठ नुसते हलले.

केशर दोन पावलं पुढे झाली.

"मामा, यंदा नव्याला माझं पान मांडू नका," ती सासऱ्याला म्हणाली. मग कारकुनाकडे वळली. "लिवा. केशर, लखूची बायकू. ती जमीन माझी हाय."