दारापाशी भरून ठेवलेली बॅग

मी एक जुनी निळी बॅग आहे. निळी आपली म्हणायची. आता माझ्या रंगाला काय म्हणावे ते मलाही ठरवता येत नाही. सध्या माझा मुक्काम एका कपाटाच्या माथ्यावर आहे. अंगावर बोटभर धूळ आहे, पोटात काही नाही, आणि तरीही मी सुखात आहे. ते कसे, हे कळायला मित्रांनो, तुम्हाला माझी सगळी कहाणी ऐकावी लागेल.

माझा जन्म एका शिलाई कारखान्यात झाला. मला शिवणाऱ्या बाईने माझ्या पट्ट्यावर दुहेरी टीप मारली आणि शेजारणीला म्हणाली, "हिच्या नशिबी प्रवास दिसतोय, घट्टच पाठवू." पुढे मी एका दुकानात टांगलेली असताना एक बाई आली. तिच्या मागून तिचा धाकटा भाऊ वाकून आत शिरला, तरी त्याचे डोके चौकटीवर आपटलेच. तो इतका उंच होता की गल्लीत त्याला सगळे 'शिडी' म्हणत. कुणाचा दिवा बदलायचा असो की वरचा डबा काढायचा असो, बोलवा शिडीला! हा शिडी बास्केटबॉल खेळायचा, आणि दूरदेशीच्या एका क्लबाने त्याला एका हंगामासाठी बोलावले होते. त्याच्या ताईने माझी चेन पुन्हा पुन्हा उघडून पाहिली, पट्टा ओढून पाहिला आणि मला त्याच्या खांद्यावर अडकवले.

"ही घे. आणि हिला परत आणायची हं," ती म्हणाली. "स्वतःलाही."

पहिल्याच क्लबात तो मला रिकामी करू लागला, तेव्हा संघातला एक मुरलेला खेळाडू धावत आला. तोही बाहेरदेशीचा होता. शिडी त्याला दादा म्हणे. "अरे, काय करतोयस? आपल्या धंद्यात बॅग रिकामी करायची नसते! लागेल ते काढायचं, वापरायचं, परत आत टाकायचं. ज्यानं कपाटात कपडे लावले, त्याचा निरोप आलाच म्हणून समज."

दादाचे खोटे नव्हते. एका संघात परदेशी खेळाडू मोजकेच ठेवता येतात. नवा आला की जुन्याला निघावे लागते. एका गावी आमच्या शिडीने शेवटच्या क्षणी चेंडू टाकून सामना जिंकून दिला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले, कुणी मलाही थोपटले. महिना उलटतो न उलटतो तोच कपडे बदलायच्या खोलीत आमच्या हुकावर एक कोरी करकरीत बॅग लटकलेली! व्यवस्थापक हात चोळत आले आणि म्हणाले, "तू माणूस फार चांगला आहेस रे." मित्रांनो, खेळ सोडून लोक तुमच्या स्वभावाचे कौतुक करू लागले, की तिकीट काढून झाले आहे असे समजावे.

अशी आम्ही गावामागून गावे केली. कुठे इतकी थंडी की चेन गोठायची, कुठे क्रीडागृहाचे छप्पर गळायचे आणि मैदानाच्या कडेला बादली ठेवून सामना चालायचा. पलंग मात्र सगळीकडे बुटक्यांसाठीच केलेले. मग शिडी पायथ्याशी खुर्ची ओढी, तिच्यावर मला ठेवी आणि माझ्यावर पाय टेकवी. सामन्यानंतर ते पाय भट्टीसारखे तापलेले असत. मला त्या पायांची फार माया वाटे.

मधल्या एका सुट्टीत त्याचे लग्न झाले, पुढे मुलगी झाली. तिचे दात आले, पडले, पुन्हा आले. त्याने सगळे फोनवर पाहिले. एकदा तिने मैत्रिणीला फोन दाखवून सांगितले, "माझे बाबा यात राहतात." तो खूप हसला. फोन ठेवल्यावर माझ्यातला टॉवेल काढून कितीतरी वेळ तोंडावर धरून बसला.

मग उजवा गुडघा कुरकुरू लागला. डॉक्टर म्हणाले, "आता उड्या बंद. नाहीतर उद्या जिना चढतानाही रडशील." क्लब म्हणाला, माणूस चांगला आहे. आम्ही घरी आलो.

मला वाटले, आता तरी माझे ओझे उतरेल. कसले काय! क्लबांशी त्याची बोलणी करणाऱ्या एजंटने त्याला सांगून ठेवले होते, "गुडघा बांधून खेळता येतं. तू तयार राहा." म्हणून मी दारापाशी, भरलेलीच. सकाळी स्वतःच्याच घरात तो दारापर्यंत येई, माझ्यातून दात घासायचा ब्रश काढी आणि नंतर पुन्हा आत ठेवी. बायकोने लग्नापासून अर्धे कपाट त्याच्यासाठी मोकळे ठेवले होते. मुलगी त्याला ट्रेमधून पाणी आणून देई.

"बाबा, पुढच्या आठवड्यात शाळेत पालकांना बोलावलंय. तुम्ही असाल का?"

"बघू," तो म्हणाला. त्या 'बघू'ने मला फार वाईट वाटले.

एका दुपारी एजंटचा फोन आला. कुठल्याशा संघाचा खेळाडू जायबंदी झाला होता, उद्याच निघायचे होते. शिडीचे डोळे चमकले. "कळवतो," म्हणून त्याने फोन ठेवला, पण हात आधीच माझ्या पट्ट्यावर आला होता. नेहमीच्या सवयीने त्याने मला जोरात उचलले आणि तोल जाऊन भिंतीवर आदळला. मी रिकामी होते!

त्याने इकडेतिकडे पाहिले. चपलांच्या फळीवर तीन जणांची जागा अडवून त्याचे बूट बसले होते, शेजारी मुलीचे चिमुकले बूट. टॉवेल न्हाणीघराच्या खुंटीवर होता. अर्ध्या कपाटात त्याचे शर्ट वेड्यावाकड्या घड्या घालून ठेवले होते. गुडघ्याचा पट्टा कशाचा ते न कळल्यामुळे त्याची बाहुलीसाठी गादी झाली होती.

मुलगी मागे उभी होती. "आत्या म्हणाली, बॅग भरलेली असते तो पाहुणा. म्हणून मी सगळं काढलं." तिचा आवाज बारीक झाला. "तू रागावलास?"

तो दुखरा पाय लांब करून जमिनीवरच बसला आणि तिला जवळ ओढले. बायको ओल्या हातांनी दारात उभी होती. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"काय, निघतोस ना?"

"नाही. बॅग रिकामी झालीय."

"मग भर की! कितीसा वेळ लागतो?"

"भरायला नाही रे लागत," शिडी म्हणाला. "रिकामी व्हायलाच फार वेळ लागला."

फोन ठेवून तो उठला आणि स्टूल न घेता, त्याने एका हाताने मला कपाटावर ठेवून दिले. पुढच्या आठवड्यात पालकांच्या बोलावण्याला तो गेला आणि वर्गाच्या चौकटीवर त्याचे डोके आपटले, तेव्हा मुलीने अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असे सांगितले म्हणे, "हे माझे बाबा!" आता तो संध्याकाळी मैदानावर मुलांना खेळ शिकवतो. चेंडू जाळीत घालून नेतो. मला नेत नाही. थोडा रुसवा येतो, नाही असे नाही. पण परवा ताई आली होती. तिने वर माझ्याकडे पाहिले, मग भावाकडे पाहिले आणि डोळे पुसत म्हणाली, "आणलंस बाबा दोघांना परत."

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा, असे सगळेच सांगतात. माझी धूळ राहिली तरी चालेल. पण तुमच्या घरी कुणी लांबून परत आले असेल आणि त्याची बॅग अजून दारापाशी भरलेली दिसली, तर त्याला विचारत बसू नका. चेन उघडा आणि एकेक वस्तू घरात तिच्या जागेवर ठेवा. मोजे तेवढे नाक धरून काढा.