बाबांच्या टाकीतलं शेवाळ

बाबा गेले आणि हॉलमधली खाऱ्या पाण्याची टाकी आम्हा दोघा भावांच्या गळ्यात पडली. साडेचार फुटी, भिंतीत पक्की बसवलेली, हलवायची सोय नाही. नाहीतर दादाने ती केव्हाच आपल्या खोलीत नेली असती, किंवा मी.

आम्ही दोघंही बिनलग्नाचे. एकाच घरात राहतो आणि दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाही. बाबांच्या ऑपरेशनच्या कागदावर दादाने मला न विचारता सही केली आणि बाबा टेबलावरून उठलेच नाहीत. तेव्हा मी त्याला जे बोललो ते परत घेण्यासारखं नव्हतं, आणि घ्यायची इच्छाही नव्हती. मग फ्रिजचे कप्पे वाटून घेतले, गॅसच्या वेळा वाटून घेतल्या. टाकी तेवढी वाटता आली नाही.

टाकीत बाबांनी चौदा वर्षं वाढवलेलं जांभळं प्रवाळ आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या नारिंगी क्लाउनफिशची जोडी. यातलं काही मरता कामा नये, एवढंच मला हवं होतं. खरं सांगायचं तर माझ्या हातून मरता कामा नये. मेलंच तर दादाच्या हातून मरावं, असंही एक-दोनदा मनात येऊन गेलं.

मग शेवाळ आलं. बोटभर लांब हिरवे केस, आधी दगडांवर, मग पंपाच्या तोंडावर, मग प्रवाळाच्या कडेला. त्या बाजूने प्रवाळ मिटून राहू लागलं. मी टूथब्रशने खरवडलं, चिमट्याने उपटलं, बादल्या भरभरून पाणी बदललं. दिवे दहा तासांवरून सहा तासांवर आणले. गोगलगायी आणल्या; त्यांनी काचा लख्ख केल्या आणि केसांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दर रविवारी फॉस्फेट तपासायचो आणि दर रविवारी नळीतलं पाणी गर्द निळं व्हायचं. म्हणजे फॉस्फेट भरपूर, शेवाळाला कुठूनतरी खुराक मिळत होता. माझा संशय अर्थातच दादावर. फिल्टरचं पाणी भरायचा कंटाळा करून हा सरळ नळाचं ओतत असणार. पण त्याला विचारण्यापेक्षा मी ते शेवाळ तोडून खाल्लं असतं.

शेवटी हात टेकले आणि माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

"अहो, काल तुमच्याच घरून फोन होता की," तो म्हणाला. "येतो शनिवारी."

दादाने माझी चहाडी केली असणार, या विचाराने माझं डोकं फिरलं.

शनिवारी दुकानदाराने टॉर्च मारून टाकी पाहिली, टाकीत भरायला ठेवलेल्या बादलीतलं पाणी तपासलं. "पाणी चांगलं भरताय," तो म्हणाला. "खायला कोण घालतं?"

"मी," आम्ही दोघं म्हणालो.

दादा पहाटे पाचला, पाळीला जायच्या आधी. मी संध्याकाळी, तो फिरायला गेला की. खाण्याचे डबे आपापल्या कपाटात. दुसरा माशांना उपाशी ठेवणार याची दोघांनाही खात्री, म्हणून हात जरा सढळच. दोन वर्षं मासे दुप्पट जेवत होते, उरलेलं तळाशी सडत होतं आणि त्यावर शेवाळ पोसलं जात होतं.

दुकानदार हसला. आम्ही नाही हसलो.

"आता एकानेच घाला. दिवसातून एकदा, चिमूटभर. महिन्या-दीड महिन्यात साफ होईल," असं सांगून तो गेला. त्याच्यामागोमाग दादाही चपला घालून बाहेर पडला. एकाने म्हणजे कोणी, हे ठरलंच नाही.

मी माझ्यापुरतं ठरवलं की घालू दे त्याला. एकदा आपण माघार घेऊन पाहू. मला माझं फार कौतुक वाटलं. त्याच दिवशी मी माझा डबा कचऱ्यात टाकला.

पंधरा दिवसांत शेवाळ फिकट पडलं. तिसऱ्या आठवड्यात ब्रश लावला की पुंजके अलगद सुटून यायला लागले. प्रवाळ कडेपर्यंत उमललं. मी जवळ गेलो की मासे काचेशी येऊन धडपडायचे. वाळले होते, ते मला दिसत होतं. दादा नको इतका काटेकोर झालाय, असं वाटलं. कंजूष मेला, असंही मनात म्हटलं. पण शेवाळ जात होतं, आणि सांगायला जायचं तर आधी मला तोंड उघडावं लागणार होतं.

पाचव्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी सकाळी, एक मासा पंपाच्या जाळीला चिकटलेला दिसला. दुसरा वाळूवर आडवा. पोटं खपाटीला गेलेली. मी टाकीत हात घालून दोन्ही बाहेर काढले आणि वळलो तर दादा मागे उभा होता.

"तू घालत नव्हतास?" तो म्हणाला. दोन वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

"मला वाटलं, तू घालतोयस."

"मी त्याच दिवशी बंद केलं. म्हटलं, धाकटा आहे, त्याला घालू दे." तो माझ्या हातातल्या माशांकडे पाहत होता. "तुला एकदा विचारायला हवं होतं रे मी."

मलाही हेच म्हणायचं होतं, अगदी याच शब्दांत. तो थांबला होता. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला होता, हे मला स्पष्ट कळत होतं.

"मोठा तू आहेस," मी म्हणालो. "तूच मारलेस त्यांना."

दादाने माझ्या हातातले मासे काढून घेतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि खाली जाऊन पुरून आला. मग त्याने हात धुतले आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.