ठेवून घेतलेल्या हालचाली

शाल्मली वागळेच्या पहिल्याच बॅलेत विद्याधरचं डावीकडे वळणं गेलं, ते परत आलं नाही.

ती नृत्य बसवायची ते त्याच्या अंगावर. त्याला हॉलच्या मधोमध उभं करायची आणि म्हणायची, "विदू, जरा वळ बरं." तो वळायचा. आवडलं की ती मान तिरकी करून म्हणायची, "हे ठेवू." नृत्य बसवणारे सगळेच असं म्हणतात. पण शाल्मलीने तसं म्हटलं, की ती हालचाल खरोखरच ठेवली जायची. बॅलेत जायची आणि विद्याधरच्या अंगातून निघून जायची.

दुसऱ्या बॅलेनंतर त्याचे हात खांद्याच्या वर जाईनात. मग गुडघे टेकणं गेलं, मग वाकणं. खाली पडलेला रुमाल त्याची बायको मालन उचलून देई आणि म्हणे, "तिला सांगा, घास तोंडाशी नेणं तेवढं राहू दे म्हणावं. मला भरवत बसायला वेळ नाही."

तिकडे शाल्मलीचं नाव जगभर झालं. परदेशातल्या एका नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसून विद्याधर तो पहिला बॅले पाहत होता. मंचावर एक उंच मुलगी डावीकडे वळली. तिची टाच किंचित मागे राहिली. लहानपणी सायकलवरून पडल्यामुळे त्याची राहायची, अगदी तशीच. शेजारचा माणूस डोळे पुसत होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिलं की ते वळण म्हणजेच शाल्मली वागळे. त्या मुलीची टाच काढून खिशात घालावी आणि घरी न्यावी, असं विद्याधरला वाटलं.

एक हालचाल मात्र त्याने लपवून ठेवली होती. अंधारात पलंगावरून पाय सोडून माणूस चप्पल चाचपतो, तसा एक पाय हवेत काहीतरी शोधत जायचा आणि ते न सापडताच थांबायचा. ती तो न्हाणीघरात, दाराला कडी लावून करी. यंदाच्या महोत्सवात शाल्मलीने आपल्या बॅलेआधीची दहा मिनिटं त्याला दिली होती. "तुझं स्वतःचं काहीतरी कर ना रे," असं ती इतक्या मायेने म्हणाली होती, की त्याला जेवण गेलं नाही.

तालमीच्या हॉलमध्ये पूर्वी बॅडमिंटन चालायचं. जमिनीवर पांढऱ्या रेघा अजून होत्या. दर तालमीला त्या विद्याधरच्या थोड्या जवळ सरकत. आता त्याच्याभोवती सतरंजीएवढा चौकोन उरला होता.

त्या दुपारी तो चौकोनात उभा होता. पियानो वाजत होता. नाचणारी माणसं दमली की पायांच्या हालचाली हातांनीच करून बघतात, ती सवय जात नाही. विद्याधर आपल्या दहा मिनिटांचा विचार करत होता आणि त्याचा तळहात मांडीशेजारी हवेत चाचपू लागला.

"विदू, ते काय?"

"कुठे काय?"

"हाताने काय केलंस आत्ता?"

"काही नाही गं. खाज सुटली."

"अशी कुणाला खाज सुटत नाही. पायाने दाखव."

नाही म्हणता आलं असतं. पण आजवर तिच्याशिवाय त्याच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. त्याने पाय उचलला. न्हाणीघरात कधीच जमलं नव्हतं इतकं चांगलं जमलं. पाय गेला, शोधत राहिला, थांबला. पियानोवाल्याने पट्ट्यांवरून हात उचलले.

शाल्मलीची मान तिरकी झाली. "हे ठेवू."

"शाल, हे माझं आहे. त्या दहा मिनिटांसाठी..."

"अरे वेड्या, दहा मिनिटं कशाला? आता सबंध संध्याकाळ तुझी!"

पाय खाली आला तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा. तिने मुलामुलींना ओळीने उभं केलं, दाखवलं, आणि सगळा हॉल भर दुपारी अंधारात चाचपू लागला. ते इतकं सुंदर होतं की विद्याधरला तिचा गळा धरावासा वाटला. पण धरणं अजून आपल्याकडे आहे की गेलं, हे त्याला आठवेना.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्याही हातांनी वाजवल्या. हात वर जात नसल्यामुळे त्याची टाळी खाली, पोटाजवळ, जराशी उशिरा वाजत होती.

शाल्मलीने बाकीच्यांना थांबवलं. त्याची एकट्याची टाळी उरली. ती रेघेपर्यंत चालत आली आणि मान तिरकी करून त्याच्या हातांकडे पाहू लागली. त्याचे तळहात एकमेकांपासून दूर गेले होते आणि अजून भेटले नव्हते.