बराक नंबर पाच

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या आईचं एक व्रत होतं. उठल्यापासून दुपारी बारा वाजेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. थोरला मुलगा तुरुंगात गेला त्या दिवशी तिने ते धरलं आणि तो सुटला तरी सोडलं नाही. धाकट्याला या व्रताचं भारी कौतुक. म्हणूनच त्याने मुलाखत सकाळी दहाला ठेवली होती.

धाकटा रॅप गायचा, 'बराक नंबर पाच' या नावाने. गाण्यात तो उपाशी झोपायचा, कुलपं फोडायचा, अडीच वर्षं गजाआड काढून माणूस होऊन बाहेर यायचा. खरं तर दुधावर साय आली तरी हा घर डोक्यावर घ्यायचा, आणि पोलीस ठाण्याची पायरी एकदाच चढला होता, मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला. कुलूप फोडलं होतं थोरल्याने. तुरुंगातली बराक पाचही त्याचीच. सुटून आल्यावर जे चारचौघांत सांगता येत नाही, ते त्याने भावाला सांगितलं. भावाने ते चार लाख लोकांना ऐकवलं. भोगणं एकच, पण धाकट्याला टाळ्या, आणि नळदुरुस्तीला जाणाऱ्या थोरल्याला कुणी घरात एकटं सोडेना. त्याचं तरी भलं होतंय ना, असं थोरला म्हणायचा. आईच्या मात्र ते घशाखाली उतरत नव्हतं.

मुलाखत घेणाऱ्या बाई कॅमेरा घेऊन आल्या. भिंतीचे पोपडे पाहून त्यांना भरून आलं. ते धाकट्याने आदल्या संध्याकाळीच मुद्दाम खरवडून तयार केले होते. मग कॅमेरा शिलाई मशीनशी बसलेल्या आईकडे वळला. हे मौन माझ्यासाठीच आहे, असं धाकट्याने कापऱ्या आवाजात सांगितलं. बाईंनी डोळे टिपले. चुकलेल्या मुलांना समाजाने जवळ घेतलं पाहिजे, असंही त्या दोनदा म्हणाल्या. आई मुकाट्याने बटणं लावत राहिली.

इथवर सगळं ठरल्यासारखं झालं. पण गडी खुलला.

पोटात आग, खिशाला भोक,
गजांनी शिकवला जगण्याचा श्लोक!

श्लोकावर बाईंनी मान डोलावली, म्हणून त्याने ते पुन्हा म्हटलं. मग हातवारे करून आणखी एकदा. स्वतःच्या आवाजात बुडालेल्याला घड्याळ कुठलं दिसणार? कारखान्याचा बाराचा भोंगा झाला.

आईने सुई रिळात खोचली.

"अडीच वर्षं दर महिन्याला मी भेटीच्या रांगेत उभी राहिले," ती हळूच म्हणाली. "जाळीपलीकडे तू कधी दिसला नाहीस रे."

धाकटा हसला, पण ते हसू काही जमलं नाही. मग तुम्ही कुणाला भेटायला जात होतात, असं बाईंनी विचारलं. आईने मोरीकडे बोट केलं. तिथे थोरला गळका नळ आवळत बसला होता. तो ओशाळून उठला, हात पँटला पुसले आणि नमस्कार केला.

 दोन तास खुर्चीखाली पडलेली बाईंची पर्स मांडीवर आली आणि पट्ट्याचा मनगटाला वेढा बसला. थोरला सवयीने दोन पावलं मागे सरला.

आईने दोन्ही पाहिलं.

"पर्स राहू द्या खाली, ताई," ती म्हणाली. "या घरात आता चोर एकच उरलाय, आणि तो सकाळपासून तुमच्या शेजारीच बसलाय."