बांध फोडला त्या वर्षी

मी लग्न होऊन आले तेव्हा माझे सासरे रामकिशन आणि सासूबाई सुमनबाई यांच्यात एकच भांडण होतं, आणि ते नदीवरून होतं. कयाधूच्या काठाला आमचं खोलगट रान आहे. एका पुरात कपाशी वाहून गेली म्हणून सासऱ्यांनी काठाने मातीचा उंच बांध घातला. पूर थांबला. पण त्याच्यासोबत येणारा गाळही थांबला. होळीच्या आतच विहीर तळ दाखवू लागली आणि नांगराला दगडासारखी ढेकळं लागू लागली.

सासऱ्यांना हे सगळं दिसत होतं. पण बांध त्यांनी स्वतः घातला होता ना! माणूस एकवेळ बायकोची चूक पोटात घालेल, स्वतःची कबूल करणार नाही.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या म्हणायच्या, "नदी लेक हाय. सालातून एकदा माहेरी येती. तुमी तिच्या तोंडावर दार लावलं."

पूर रानात आला की आमच्याकडे बायका नदीची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ. बांध झाल्यापासून आत्यांनी ओटी भरणंच सोडलं होतं. दार लावून घ्यायचं आणि खण द्यायला जायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात सासरे अखेर वाकले. म्हणाले, "फोडतो बांध. पर गाळ न्हाई बसला, रान खरवडून गेलं, तर परत घालीन. मंग तू जन्मात नदीचं नाव काढायचं न्हाई."

"बराबर," आत्या म्हणाल्या.

जेसीबीने बांधाला बैलगाडी जाईल एवढं तोंड पाडलं. पावसाळाभर ते रान मोकळं ठेवायचं आणि पाणी ओसरल्यावर गाळावर ज्वारी पेरायची, असं ठरलं. पण शिवारात पेरणी सुरू झाली तसा सासऱ्यांचा जीव तुटायला लागला. एका सकाळी गुपचूप जाऊन ते अर्ध्या रानात सोयाबीन पेरून आले. आता चोरून पेरलं तरी पीक उगवायचं थोडंच राहतं? आत्यांनी ते हिरवं रान पाहिलं आणि हसू आवरेना म्हणून तोंडाला पदर लावला.

भाद्रपदात कयाधू फुगली आणि त्या तोंडातून सावकाश आत आली, पाहुणी दारात चपला काढून येते तशी. सोयाबीन बघता बघता पाण्याखाली गेलं. सासरे मातीने भरलेली पोती घेऊन तोंड बुजवायला धावले. आत्या आडव्या आल्या.

"हात लावाल तर मी पन माहेरी जाईन."

नातवंडं झालेल्या बाईला ही धमकी शोभत नाही, पण लागू पडली. सासऱ्यांनी पोती टाकली. आत्यांनी पाण्यात उतरून ओटी भरली. मला भीती वाटत होती. रान खरवडलं असतं तर त्या खरंच जन्मभर गप्प राहिल्या असत्या, शब्दाला त्या फार पक्क्या.

पाणी ओसरल्यावर आम्ही तिघं रानात गेलो. सोयाबीनचा मागमूस नव्हता. त्याच्या जागी काळाभोर गाळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा बसलेला. विहीर भरलेली. डबक्यांत मासोळ्या वळवळत होत्या आणि बगळ्यांची पंगत बसली होती. मला तर नाचावंसं वाटलं.

शेजारच्या शेतातून भागवतकाकांनी विचारलं, "रामकिशन, सोयाबीन कुठं गेलं रे?"

सासरे गाळात उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. मूठभर गाळ उचलून त्यांनी नाकाशी धरला. आत्या बघत होत्या.

"सुमन," ते म्हणाले, "बांधाचं तोंड लहान पडलं. पुढल्या साली रुंद करू."

नवऱ्याने चारचौघांत नावाने हाक मारलेली आत्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांना रडू फुटलं. साडी वर न खोचताच त्या गाळात उतरल्या, सासऱ्यांचा पाय निघावा म्हणून हात दिला, आणि दोघंही तिथंच खाली बसले.