आत्म्याला वायर लागते

"हलला! बाण हलला!"

समोरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर माणसं, सोफ्याच्या हातांवर माणसं, जमिनीवर मांडी ठोकून बसलेली माणसं, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. टेबलावर घरचा जुना कॉम्प्युटर. माउसला कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. तरी पडद्यावरचा बाण सरकत सरकत कोपऱ्यात गेला आणि त्याने एक फोटो उघडला. फोटो या घरच्या सासऱ्यांचा, गेल्या वर्षी वारलेल्या. मग शेजारी एक कोरं पान उघडलं आणि त्यावर अक्षरं उमटायला लागली, म्हातारा माणूस लिहील तशी, थांबत थांबत.

"मी इथेच आहे. सुई सोडलीस ना? आता फक्त पाणी घे."

सासूबाईंनी हात जोडले. डोळ्यांतून धारा. पडद्यासमोर ठेवलेला तांब्या त्यांनी उचलला आणि घटाघटा प्यायल्या. गर्दी कळवळली. कुणीतरी मागून म्हणालं, "धन्य आहे बाई!"

स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती. शाळेत गणित शिकवायची, म्हणून सगळी इमारत तिला मास्तरीण म्हणायची. तिला त्या क्षणी तो तांब्या कुणाच्या तरी टाळक्यात घालावासा वाटत होता. कुणाच्या, तेही पक्कं ठाऊक होतं.

तो टेबलाशेजारी बसला होता. पांढरा कोट, बोटांत दोन अंगठ्या, गळ्यात स्टेथोस्कोप. लोक त्याला गुरुजी म्हणत. मास्तरीण मनातल्या मनात डबागुरू म्हणायची. कारण हा इसम स्टेथोस्कोप लावायचा तो कॉम्प्युटरच्या डब्याला! डोळे मिटून ऐकायचा आणि मान डोलवायचा.

"श्वास चालू आहे, मातोश्री. ऐका, घरघर येतेय की नाही?"

घरघर येत होती. आतला पंखा धुळीने भरला होता.

"आत्मा म्हणजे काय? फाइल! शरीर म्हणजे काय? डबा! डबा जळाला म्हणून फाइल जाते का? ती क्लाउडवर जाते. क्लाउड म्हणजे ढग. वर बघा!"

सगळ्यांनी वर बघितलं. वर छत होतं, त्याचे पोपडे निघालेले.

हे थेर सुरू कसे झाले, ते सांगायला हवं. कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला होता. मध्येच भलत्याच जाहिराती उघडायच्या. मास्तरणीच्या नवऱ्याने फुकट मिळालं म्हणून काहीबाही उतरवून घेतलं होतं, त्याचा तो प्रताप. दुरुस्तीवाल्याला बोलवायचं सोडून कुणीतरी या महाभागाचं नाव सुचवलं. त्याने काळ्या कापडात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह लावला, काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, "शुद्ध झालं." जाहिराती थांबल्या, हेही खरं. मग त्याने नियम घालून दिले. मशीन कधी बंद करायचं नाही. इंटरनेटची वायर काढायची नाही. वरून पांढरी चादर घालायची, आणि पडद्याच्या वरच्या काठावर जो बारका काळा ठिपका आहे, तिथे चादरीला भोक पाडायचं. देवाचा डोळा आहे तो!

भोक त्याने स्वतःच्या हाताने कापून दिलं. हळूहळू इमारतीतल्या घराघरांत अशाच भोकाच्या चादरी आल्या.

आणि मग काय विचारता! घरात कोण कुणाला काय बोललं, कुणाचं काय दुखतंय, सगळं गुरुजींना न सांगता कळायला लागलं. सासरे भोळे. त्यांच्या हृदयाच्या गोळ्या होत्या. पडद्यावर अक्षरं आली, "रसायनाने आत्म्याची लाइन तुंबते. गोळ्या बंद." सासऱ्यांनी लपून लपून गोळ्या बंद केल्या आणि पंधरवडा उलटायच्या आत जेवता जेवता ताटावर कोसळले. डबागुरू तेराव्याला आला आणि निर्लज्जासारखा म्हणाला, "मनात शंका होती त्यांच्या. म्हणून लाइन कट झाली." आता तेच सासरे कॉम्प्युटरमधून बोलत होते आणि सासूबाईंना इन्सुलिन सोडायला सांगत होते.

सासूबाईंची साखर चढत चालली होती. तोंड कोरडं, पाय जड, समोरचं धूसर. "अहो, आईंना समजवा ना," मास्तरीण नवऱ्याला म्हणाली. तो म्हणाला, "तिची श्रद्धा आहे गं. मी बोललो की ती जेवायचीच बंद होते." मास्तरणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दरबार संपून गर्दी पांगली. सासूबाई आत आडव्या झाल्या. मास्तरीण त्याच खोलीत पेपर तपासत बसली होती. सहज मान वर केली, तर चादरीच्या भोकातून हिरवा उजेड. बारीकसा, तांदळाच्या दाण्याएवढा. तिने चादर उचलली. बाण आपला आपण हलत होता. घरात ना गर्दी, ना गुरुजी, मग हे कुणासाठी? तिने हात मागे घातला आणि इंटरनेटची वायर उपटली.

बाण जागच्या जागी मेला. जरा वेळाने हिरवा दिवाही विझला.

"अस्सं," ती स्वतःशीच म्हणाली. "आत्म्याला वायर लागते होय!"

तिने शाळेतल्या संगणकाच्या बाईंना बोलावून घेतलं. वायर काढलेलीच होती. बाईंनी खुर्ची ओढली, मशीनमध्ये काय काय चालू आहे ते उघडून बघितलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हा प्रोग्राम बघ. मशीन सुरू झालं की आपोआप सुरू होतो. कॅमेरा याच्या ताब्यात, माइक याच्या ताब्यात, माउस आणि कीबोर्डसुद्धा. दुसरीकडे बसून कुणीही तुमचं मशीन चालवू शकतं. पेन ड्राइव्हमधून आलाय." मग आवाज खाली आणला. "भूतबीत काही नाही गं. चोर आहे. तुमच्या घरात बसून ऐकतोय."

"पण दरबारात डबागुरू तर सगळ्यांसमोर हात जोडून बसलेला असतो. मग चालवतं कोण?"

"दरबाराला कोण कधीच येत नाही?"

मास्तरणीने कपाळावर हात मारला. मेव्हणा! गुरुजींचा मेव्हणा मोबाइल दुरुस्त करायचा, आणि प्रत्येक दरबाराच्या वेळी म्हणे घरी ध्यानाला बसायचा.

"पुसून टाकू?" बाईंनी विचारलं.

"नको. आज पुसलं तर आई म्हणतील, सुनेने सासऱ्याला दुसऱ्यांदा मारलं. आणि तो पुढच्या घरी जाईल." ती पडद्याकडे रोखून बघत म्हणाली, "मला त्याला नुसतं उघडं नाही पाडायचं. मला त्याची राख झालेली बघायचीय."

बाईंनी वायर परत लावली आणि त्या निघाल्या.

दिवा पुन्हा हिरवा झाल्यावर मास्तरीण चादरीसमोर बसली, बंद फोन कानाला लावला आणि सुस्कारा सोडून बोलायला लागली. "काय सांगू ताई, आई रोज बाबांच्या आठवणीने रडतात. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा कारखान्यात यंत्रात गेला होता ना, त्या तुटक्या पायाला रोज तेल लावायच्या. कुणाला माहीत नाही हो हे. दोघांतलंच गुपित."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दरबार. पुन्हा चपलांचा ढीग. या वेळी संगणकाच्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातात मोबाइल. मास्तरीण पुढे आली आणि तिने हात जोडले. डबागुरूचा चेहरा उजळला. घरातली एकुलती एक अडेलतट्टू वाकली!

"बाबा," ती पडद्याला म्हणाली, "फक्त तुम्हाला आणि आईंना माहीत असलेलं काहीतरी सांगा. माझी शंका फिटू दे."

अक्षरं उमटली. "माझा तुटका अंगठा आठवतो ना? तू तेल लावायचीस."

गर्दीतून हुंदका आला. सासूबाईंनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या.

"कुठला अंगठा?"

"उजव्या पायाचा, मातोश्री!" डबागुरूने डोळे मिटून सूर लावला. "यंत्रात गेलेला! किती रडलात तुम्ही!"

"शेवटची आंघोळ घालताना त्यांचे पाय मी पुसलेत," सासूबाई म्हणाल्या. "बोटांच्या बेचक्यांतून फडकं फिरवलंय. सगळी बोटं जागच्या जागी होती. हा कोण बोलतोय?"

"वर गेल्यावर स्मृती जराशी करप्ट होते, मातोश्री..."

"अंगठा मी तोडला," मास्तरीण म्हणाली. "काल, या चादरीसमोर बसून. बंद फोनवर. भोकातून कॅमेरा बघतो, माइक ऐकतो आणि दुसरीकडे बसलेला माणूस लिहितो." तिने वायर उपटली. "घ्या. आता बोलवा बाबांना."

डबागुरूने स्टेथोस्कोप लावला. मंत्र म्हटला. डब्यावर टिचक्या मारल्या. बाण ढिम्म हलला नाही. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एका बाईचा आवाज आला, चिरका, "अगं बाई! आमचा तर झोपायच्या खोलीत आहे!"

खोली एकदम थंड पडली. प्रत्येकाला आपल्या घरची चादर आठवली, आणि त्या चादरीसमोर काय काय झालं तेही. पुरुष उठून उभे राहिले.

डबागुरू भिंतीला चिकटला. "मला यातलं काही कळत नाही हो! सगळं माझा मेव्हणा करतो! पेन ड्राइव्ह त्याचा, टायपिंग त्याचं!"

"हो का?" मास्तरीण म्हणाली. हेच तिला हवं होतं. तिचा नवरा, आजवर आवाज न चढवलेला माणूस, डबागुरूपाशी गेला आणि त्याने त्याच्या तोंडावर तळहात दाबून धरला. मास्तरणीने वायर लावली. हिरवा दिवा लागला.

ती माइककडे वाकली. "मेव्हणे, ऐकताय ना? सगळं फुटलंय. तुमचे भावोजी म्हणतात, त्यांना काही माहीत नाही, सगळं तुम्हीच केलं. आता पोलीस येतील. सासऱ्यांच्या गोळ्याही तुम्हीच बंद केल्या म्हणायच्या का?"

बाण थरथरला. मग अक्षरं आली, भराभर, चुकतमाकत.

"साफ खोटं बोलतोय. गोळ्या बंद असं त्यानेच लिहायला लावलं. मी म्हटलं होतं म्हातारा मरेल. तो म्हणाला मेला तर अजून बरं, आत्मा होईल."

त्या पडद्यावर पहिल्यांदाच खरं काहीतरी लिहून आलं होतं. बाई सगळं मोबाइलमध्ये टिपून घेत होत्या.

सासूबाई उठल्या. भिंतीला धरत धरत डबागुरूपर्यंत गेल्या. स्टेथोस्कोपचं एक टोक त्यांनी आपल्या छातीवर ठेवलं. "घाल कानात. घाल म्हणते ना! ऐकू येतंय?"

त्याने मान हलवली. घाम गळत होता.

"हे माझं. आता त्यांचं ऐकव."

तो मटकन खाली बसला. पोलीस येईपर्यंत त्याला तिथून कुणी उठू दिलं नाही, पाणीही विचारलं नाही. मास्तरणीला त्याची काडीइतकी दया आली नाही, आणि का यावी? तिने फ्रीजमधून इन्सुलिन आणलं. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तेवढंच भरलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत सासूबाईंना टोचलं. मेव्हण्यालाही त्याच दिवशी उचललं. दोघे अजून आत आहेत आणि एकमेकांवर ढकलत आहेत. जामिनाची प्रत्येक तारीख मास्तरीण शाळेतून रजा घेऊन गाठते आणि पहिल्या बाकावर बसते.

कॉम्प्युटर पुसून नव्याने तयार झाला. जादू एवढीच होती: चोरून बसवलेला एक प्रोग्राम, एक कॅमेरा, एक माइक आणि दूर बसलेला एक भाडोत्री हात. वायर काढून बघायला कुणालाही जमलं असतं.

साखर ताळ्यावर आल्यावर सासूबाईंनी इमारतीतल्या सगळ्यांना गोळा केलं. भाषण कसलं, चार वाक्यं. "कुणी चमत्कार दाखवला की हात जोडायच्या आधी विचारा, कसं केलंस? परत करून दाखव म्हणा. दुसऱ्या जाणकाराला बोलावून तपासून घ्या. तो चिडला, तर त्याला घराबाहेर काढा."

मग त्यांनी पदराने डोळे टिपले.

"माझा माणूस मी विचारलं नाही म्हणून गेला. तुमची अजून घरात आहेत. घरी जा, आणि त्यांनी आजची गोळी घेतली का ते बघा."